वापसी

रात्री साडेअकराला चार नंबरच्या चेंबरचा काटा
सोळावर आणून ठेवतो
आणि खोक्यांच्या हिशेबाच्या वहीखालून
दुसरी वही काढतो.

सावद्यात ह्या वेळी जागे असतात ते
दिल्लीच्या गाड्यांचे ड्रायव्हर, स्टेशनाकडची दोन कुत्री,
कॉम्प्रेसर, आणि रुबाब तडवी.
कॉम्प्रेसर बंद पडला तर रुबाब मला उठवतो,
रुबाब घोरायला लागला तर मी कॉम्प्रेसर ऐकतो.

चाळीस मिनिटं. मोबाइल पालथा.
सहा मित्र गोल टेबलाभोवती बसलेत.
डॉक्टरच्या डावीकडे वकील चालत नाही,
वकिलाला शिक्षकाचं तोंड समोर नको.
रुबाब वाकून आकृती बघतो.
"काय भांडण हाये ह्यांच्यात?"
ते दिलेलं नसतं, मी म्हणतो.
"मंग बसवतो कसा, भो?
आपल्याकडी पंगतीत आधी तेच इचारता."

मग इंग्रजी उतारा:
समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या आंधळ्या माशावर
पाचशे शब्द, आणि खाली प्रश्न,
लेखकाचा सूर साशंक, उपरोधिक, की हळहळणारा?
टेनूशेठचा सूर मला
फोनच्या पहिल्या रिंगेला कळतो.
ह्या माणसाचा तिसऱ्या वाचनातही नाही.

पाच वाक्यं, त्यातलं एक परक्या घरचं, ते ओळखा.
हे मात्र जमतं.
जळगावच्या क्लासात पहिल्या दिवशी
मीच होतो ते वाक्य.

आमच्याकडे बोर्डावर भाव तीन ओळींत लिहितात:
नवती, पिलबाग, वापसी.
पहिल्या वर्षी मावशी फोनवर मला मॅनेजरच म्हणायची.
दुसऱ्या वर्षी आप्पा म्हणाले, मूळ धरायला
एक साल जातंच.
यंदा कुणी काही म्हणत नाही.
परवा आईनं फक्त विचारलं,
फॉर्मचे पैसे परत मिळतात का रे.

बरोबरला तीन, चुकीला उणे एक,
सोडून दिलं तर शून्य.
रुबाबला हा हिशेब पटत नाही.
"गाडीतून फणी पडली तं तिचे पैशे कापताच की.
सोडेल गोष्टीचं फुकट कुठी असतं?"

पर्सेंटाइल सांगताना तर दमलोच.
मार्क नाहीत ते, म्हटलं. शंभर जण उभे केले
तर माझ्या मागं किती, एवढंच.
"किती?"
मागच्या मॉकला एक्क्याण्णव.
त्यानं बिडी चपलेखाली विझवली,
बराच वेळ फैजपूरच्या रस्त्याकडं बघत राहिला.
"अन् पुढी जे हायेत,
त्यांच्यात कोनी रातपाळीचा असीन का?"

तेही दिलेलं नव्हतं.

दोन वाजता दार उघडून वीस मिनिटं हवा द्यायची.
कोंडलेला, गोडसर उग्र वास अंगावर येतो.
खोक्यातला माल अजून कच्चा, पोपटी,
चौथ्या दिवशी सगळा एका रंगाचा होईल,
कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.
मी उंबऱ्यात उभा राहून घातांकाचे नियम पुटपुटतो.
बाराव्या मिनिटाला एक विसरतो,
रोज तोच.

नोव्हेंबरअखेरचा रविवार, जळगाव, सकाळची पाळी.
बागांवर चरका पडावा अशी थंडी.
रुबाब मोटरसायकलवर स्टेशनापर्यंत आला,
सारं अंतर काही बोलला नाही,
उतरताना म्हणाला, आज चार नंबर मी पाहतो.
स्वेटर मी चेंबरमधलाच घातला होता. दुसरा नव्हता.

सेंटरच्या दारात घड्याळ काढा, पट्टा काढा,
खिसे उलटे करा.
मशीन फिरवणारा पोरगा माझ्या बाहीशी थांबला.
"खायचं काही आणलंय?"
नाही.
"केळ्यांचा वास येतोय."

मी मागं वळून पाहिलं.
रांग पार कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेली होती.
मोजायला लागलो,
सोळापर्यंत आलो असेन,
तेवढ्यात तो म्हणाला, चला, व्हा पुढं.